एक भूकंप, अनेक हादरे : भूस्तर, भूरचना आणि भूकंपाची हानी



'भूकंप' या सामासिक शब्दाचा विग्रह आपण 'भूचा कंप' असा करतो, षष्ठी तत्पुरुष अशी नोंद करतो आणि पुढे जातो. व्याकरणाच्या दृष्टीने यात काही उणे नाही. तथापि या विग्रहाने मनात एक चित्र उभे राहते : भू ही एकच एक वस्तू आहे आणि ती सर्वत्र सारखीच थरथरते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. एकाच भूकंपात, एकाच शहराच्या एका भागातील इमारती जमीनदोस्त होतात आणि काही अंतरावरच्या घरांत फडताळातली भांडी नुसती किणकिणून थांबतात. अशा वेळी जो वाचतो तो पूर्वपुण्याईला हात जोडतो. ज्याचे घर जाते तो दैवाला बोल लावतो.

हा प्रश्न केवळ सामान्यांनाच पडतो असे नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा महात्मा गांधींनी ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची ईश्वरी शिक्षा आहे असे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी निसर्गातील घटनेचा असा नैतिक अर्थ लावण्यास जाहीर हरकत घेतली. दोघांच्या भूमिका आपापल्या जागी अभ्यासण्याजोग्या आहेत. मात्र हा वाद चालू असताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अधिकारी बिहारमध्ये गावोगाव हिंडून कोणते घर कसे पडले, याची नोंद करीत होते. त्यांच्या हाती जे आले त्याकडे आपण पुढे वळणार आहोत. हेच घर का पडले आणि ते का नाही, या प्रश्नाचे जेवढे उत्तर पायाखालच्या जमिनीत सापडते, तेवढे या घटकात समजून घ्यायचे आहे.

परिमाण आणि तीव्रता

आरंभी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपल्या वृत्तपत्रीय मराठीने तो जवळजवळ पुसून टाकला आहे. 'रिश्टर स्केलवर ६.४ तीव्रतेचा भूकंप' अशी वाक्ये आपण नेहमी वाचतो. यातील आकडा तीव्रतेचा नसतो. तो परिमाणाचा असतो. भूगर्भातील खडक तुटून सरकताना किती ऊर्जा मोकळी झाली, याचे माप म्हणजे परिमाण. ते एका भूकंपाला एकच असते. तीव्रता म्हणजे विशिष्ट ठिकाणी जमीन किती हादरली आणि त्या हादऱ्याने तेथे काय घडले, याची श्रेणी. ती गावागणिक, किंबहुना आळीगणिक वेगळी असते. ढोल किती जोराने बडवला हे एक माप. कोणाच्या कानावर तो कितपत आदळला हे दुसरे.

भाषेच्या अभ्यासकाला तीव्रतेची श्रेणी विशेष रोचक वाटावी. परिमाण आकड्यांत सांगतात, तर मर्कलीच्या नावाने ओळखली जाणारी बारा पायऱ्यांची श्रेणी मुळात वाक्यांची बनलेली आहे. टांगलेल्या वस्तू हलल्या का, झोपलेली माणसे जागी झाली का, गिलावा पडला का, कच्ची घरे कोसळली का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून पायरी ठरते. यंत्रे नव्हती त्या काळातील भूकंपांविषयी आज आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातील मोठा भाग माणसांनी बोलून वा लिहून ठेवलेल्या अशा वर्णनांतून आलेला आहे.

एखाद्या ठिकाणची तीव्रता तीन गोष्टींवर ठरते. भूकंपनाभीपाशी काय आणि किती तुटले ही पहिली. तेथून त्या ठिकाणापर्यंत लहरींनी किती अंतर व कोणत्या खडकांतून कापले ही दुसरी. आणि पृष्ठभागाजवळच्या शेवटच्या काही दहा किंवा शे-दोनशे मीटरांत कोणते थर आहेत, वर जमिनीचा आकार कसा आहे, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा शालेय भूगोलात होते. तिसरीची सहसा होत नाही.

कच्छमधील एक जुने निरीक्षण

१६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणात जमिनीचा लांबच लांब बांध वर उचलला गेला, तो आजही 'अल्लाहबंद' म्हणून ओळखला जातो. त्या वेळी कच्छमध्ये असलेले ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जेम्स मॅकमर्डो यांनी या भूकंपाचा वृत्तांत लिहिला व तो मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या इतिवृत्तांत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. (हीच सोसायटी आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नावाने आपल्याला परिचित आहे.) त्या वृत्तांतात एक साधे निरीक्षण आहे. खडकावर उभ्या असलेल्या इमारतींना जेवढा धक्का बसला, त्याहून कितीतरी अधिक धक्का, ज्यांचा पाया मातीच्या तळापर्यंत पोहोचला नव्हता त्या इमारतींना बसला. भूकंपविज्ञान ही शाखा अद्याप आकाराला यायची होती आणि भूकंपमापक यंत्र तर पुढच्या पिढ्यांची गोष्ट. तरी या विषयावरील जगभरच्या विवेचनांत मॅकमर्डोंच्या या वाक्याची आठवण आजही काढली जाते.

पुढे १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर नेमलेल्या आयोगाने त्या शहराचा हानीचा नकाशा तयार केला. तो भूस्तरांच्या नकाशाशेजारी ठेवला असता दोहोंतील साम्य नजरेत भरण्यासारखे होते. टेकड्यांच्या खडकावर हानी कमी होती. खाडीत भराव घालून केलेल्या जमिनीवर आणि बुजवलेल्या ओढ्यांवर ती फार होती.

मऊ थरात लहरीचे काय होते?

आपला सर्वसाधारण समज याच्या नेमका उलट असतो. मऊ गादीवर पडलेल्याला कमी लागते, तेव्हा मऊ माती धक्का शोषून घेत असेल आणि कठीण कातळ तो थेट पोहोचवीत असेल, असे आपल्याला वाटते. हा समज का चुकतो, ते पाहू.

ताटात खरवसाची वडी ठेवा आणि ताट किंचित हलवा. ताट जेमतेम बोटभर सरकते. खरवसाचा माथा मात्र डुलत राहतो आणि ताट थांबल्यानंतरही काही वेळ डुलतो. कातळावर बसलेल्या मऊ मातीच्या थराचे वर्तन असेच असते. यामागे दोन वेगवेगळी कारणे आहेत व ती एकमेकांत मिसळू नयेत.

पहिले कारण वेगाचे. घरे पाडण्यात ज्यांचा वाटा मोठा असतो त्या द्वितीय लहरी कठीण बसाल्टमधून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने जातात. मऊ चिकणमातीत हा वेग सेकंदाला शंभर-दोनशे मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली येतो. रुंद रस्त्याने झपझप चाललेली दिंडी गावाच्या वेशीपाशी मंदावली की मागची माणसे पुढच्यांवर येतात आणि दाटी होते. लहरीतील ऊर्जेचेही तसेच. वेग घटला की तीच ऊर्जा थोड्या जागेत दाटते आणि लहरीचा आयाम, म्हणजे जमिनीच्या हेलकाव्याचा विस्तार, वाढतो.

दुसरे कारण लयीचे. मऊ थरात शिरलेली लहर वर जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून खाली परतते आणि खालच्या कठीण कातळावरून पुन्हा बरीचशी वर फेकली जाते. ती अशी अडकून पडते. थराच्या जाडीनुसार आणि त्यातील वेगानुसार या येरझाऱ्यांची एक ठरावीक लय असते. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला तर हलक्या हातानेही तो उंच जातो. भलत्या वेळी ढकलला तर जोर फुकट जातो. भूकंपलहरींची लय आणि थराची लय जुळली की हेलकावे वाढत जातात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. थराची ही लय काढण्याचे सूत्र सोपे आहे : थराची जाडी मीटरमध्ये घ्यावी, तिला चारने गुणावे आणि द्वितीय लहरींच्या त्या थरातील वेगाने भागावे. जो आकडा येईल तो एका हेलकाव्याला लागणारा काळ, सेकंदांत. थर जाड आणि मऊ, तर लय संथ. थर पातळ, तर लय द्रुत.

इमारतींनाही अशी लय असते. तिचा ढोबळ अंदाज मजल्यांवरून करता येतो : प्रत्येक मजल्यामागे सेकंदाचा सुमारे दहावा भाग. दुमजली घर द्रुत लयीत हलते, वीस मजली इमारत संथ. म्हणजे जमीन भूकंपाच्या लहरींतून आपल्याला मानवणारी लय निवडते, ती वाढवते, आणि त्या लयीशी ज्या इमारतीचे सूर जुळतात तिला ती हेलकावे देते. ही निवड किती क्रूर असू शकते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मेक्सिको सिटीचे आहे.

तळ्यावर वसलेले शहर

अॅझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान ही टेक्सकोको तळ्यातील बेटावर होती. १५२१ मध्ये ती स्पॅनिश सैन्याच्या हाती पडली आणि पुढील शतकांत तळे हळूहळू आटवण्यात आले. पाणी गेले, तळाशी साचलेला, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, पाण्याने जडावलेला चिकणमातीचा थर राहिला. आजच्या मेक्सिको सिटीचा मध्यभाग त्या थरावर उभा आहे. शहराचा नैर्ऋत्येकडील भाग, जेथे राष्ट्रीय विद्यापीठाचे आवार आहे, तो मात्र थिजलेल्या लाव्हाच्या कठीण खडकावर आहे.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी पॅसिफिक किनाऱ्यावरील मिचोआकान भागात ८.० परिमाणाचा भूकंप झाला. तेथून मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मुंबई आणि किल्लारी यांच्यातील अंतराशी याची तुलना करून पाहावी. एवढ्या अंतरावर हादरा क्षीण व्हायला हवा होता आणि विद्यापीठाच्या खडकावर तो तसा क्षीण झालाही होता. तेथील यंत्रांनी नोंदलेले कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तीन-चार टक्के होते. त्याच शहरात, तळ्याच्या चिकणमातीवर असलेल्या दळणवळण मंत्रालयाच्या आवारात ते सुमारे सतरा टक्के नोंदले गेले. किनाऱ्यावर, भूकंपाच्या अगदी जवळच्या खडकावर जे त्वरण नोंदले गेले तेही चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात होते. साडेतीनशे किलोमीटरांनी जे कमी केले होते, ते चाळीसेक मीटर चिकणमातीने परत आणून दिले.

आता आपले सूत्र येथे लावून पाहा. त्या आवाराखाली मऊ थराची जाडी सुमारे ३८ मीटर आणि लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर. चार गुणिले अडतीस म्हणजे एकशे बावन्न, भागिले पंचाहत्तर. उत्तर सुमारे दोन सेकंद. यंत्राच्या आलेखावरही जमीन तशीच, जवळपास दोन-दोन सेकंदांच्या संथ हेलकाव्यांत, कितीतरी वेळ एकसुरीपणे झुलताना दिसते.

या झुल्यात सर्वाधिक बळी गेला तो साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा. मजल्यामागे दहावा भाग या हिशेबाने दोन सेकंदांची लय वीस मजल्यांची येते, मग त्याहून बुटक्या इमारती का पडल्या, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडेल. मऊ जमिनीवर पायाही डुलतो, त्यामुळे इमारतीची लय संथ होते. शिवाय हादऱ्याने भिंतींना, खांबांना तडे जाऊ लागले की इमारत सैल होते आणि तिची लय आणखी संथ होत जाते. म्हणजे एक-सव्वा सेकंदाच्या लयीची इमारत तडकत तडकत दोन सेकंदांकडे सरकली आणि जमिनीच्या तावडीत सापडली. उलट, जुनी दगडी, बुटकी बांधकामे त्या मानाने तगली. आणि १९५६ मध्ये पूर्ण झालेला चव्वेचाळीस मजली लॅटिनोअमेरिकाना मनोराही तगला. त्याची लय दोन सेकंदांहून संथ होती आणि त्याचा पाया खोल, भक्कम थरापर्यंत नेलेला होता. मृतांच्या संख्येबद्दल एकमत नाही. अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांच्याही पुढे जातात.

बरोबर बत्तीस वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच शहराने पुन्हा मोठी हानी पाहिली. १९८५ च्या स्मरणार्थ घेतला जाणारा सराव त्याच दिवशी काही तासांपूर्वी पार पडला होता. या वेळी भूकंप ७.१ परिमाणाचा, पण खूप जवळचा होता. जवळच्या भूकंपात द्रुत लयीच्या लहरी अद्याप विरलेल्या नसतात. म्हणून या वेळी हानी तळ्याच्या पश्चिम काठाकडे, जेथे चिकणमातीचा थर पातळ आहे, तेथे आणि प्रामुख्याने चार ते आठ मजली इमारतींत एकवटली. म्हणजे शहर तेच आणि तळेही तेच, पण बळी पडलेल्या इमारती वेगळ्या.

काठमांडूचे खोरेही प्राचीन तळ्याच्या गाळाने भरलेले आहे. पण तेथील गाळ कितीतरी अधिक जाड असल्याने त्याची लय चार-पाच सेकंदांची, फार संथ आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ परिमाणाच्या भूकंपात खोऱ्याने नेमके हेच संथ हेलकावे वाढवले. दोन-चार मजली घरांची लय त्यापासून दूर असल्यामुळे खोऱ्यात ज्या प्रमाणात विध्वंसाची भीती होती, त्या प्रमाणात तो झाला नाही. उंच धरहरा मनोरा मात्र कोसळला, आणि खोऱ्यातील जुन्या विटांच्या देवळांची व घरांची हानीही मोठीच होती. तेव्हा 'मऊ जमीन वाईट' एवढेच पाठ करून चालत नाही. कोणत्या लयीची जमीन आणि कोणत्या लयीचे घर, असे जोडीने विचारावे लागते.

*कृती : येथे वाचन थांबवून एक उदाहरण सोडवावे. एका ठिकाणी २० मीटर जाडीचा गाळ असून त्यातील द्वितीय लहरींचा वेग सेकंदाला १६० मीटर आहे. या थराची लय किती सेकंदांची? तेथे साधारण किती मजली इमारतींबाबत अधिक काळजी घ्यावी लागेल? उत्तर पडताळताना, इमारत तडकल्यावर तिची लय संथ होते हेही लक्षात घ्यावे.*

खोऱ्याची कड आणि टेकडीचा माथा

आतापर्यंत आपण थर आडवा, सपाट आहे असे मानले. खोऱ्यांच्या कडांशी गाळ एकदम संपतो आणि खडक सुरू होतो. तेथे खालून वर येणारी लहर आणि कडेच्या खडकातून बाजूने शिरणारी लहर एकत्र येतात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात (मृत ६,४०० हून अधिक) सर्वाधिक हानीचा सुमारे वीस किलोमीटर लांबीचा चिंचोळा पट्टा आढळला. तो प्रस्तरभंगाच्या अगदी वर नव्हता आणि समुद्रातील मऊ भरावावरही नव्हता. डोंगराचा पायथा आणि किनारा यांच्या मधोमध होता. खोऱ्याच्या कडेवरून आलेल्या लहरी ज्या रेषेत खालून आलेल्या लहरींना भेटल्या, त्याच रेषेत घरे पडली, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले आहे.

टेकडीचा प्रकार निराळा. खडकावर घर म्हणजे निर्धास्त, असे वरील विवेचनावरून वाटण्याचा संभव आहे. पण खडकाचाही आकार महत्त्वाचा असतो. चाबूक ओढला की मुठीपाशी थोडी हालचाल होते आणि टोकाशी फटकारा बसतो. निमुळत्या डोंगरसोंडेच्या माथ्यावर लहरी दोन्ही उतारांवरून परावर्तित होऊन एकवटतात. लहरीची लांबी डोंगराच्या रुंदीच्या जवळपास असेल तर हा परिणाम अधिक जाणवतो. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात पकोइमा धरणालगतच्या अरुंद सोंडेवरील यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या सव्वापट त्वरण नोंदले तेव्हा अनेक अभियंत्यांचा त्यावर विश्वास बसेना. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तर टार्झाना येथे जेमतेम पंधरा-वीस मीटर उंचीच्या टेकाडावर ते सुमारे पावणेदोनपट भरले. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सजवळच्या डोंगरसोंडेवरील हॉटेल मॉन्टाना कोसळले. त्या सोंडेवरचा हादरा खालच्या सपाट भागापेक्षा तीव्र होता, हे नंतरच्या मापनांतून दिसून आले.

जमीन पातळ होते तेव्हा

आता १९३४ च्या बिहारकडे वळू. गंगेच्या उत्तरेला सीतामढी, मधुबनी, पूर्णिया या भागांतून सुमारे तीनशे किलोमीटर लांबीचा एक पट्टा भूवैज्ञानिकांना आढळला. तेथे घरे हादऱ्याने फुटण्याऐवजी खचली, कलली, जमिनीत रुतली. शेतांतून वाळू आणि पाणी यांचे फवारे उडाले. विहिरी वाळूने भरल्या.

असे होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : सैल बारीक वाळू, पृष्ठभागाजवळ भूजल, आणि पुरेसा लांबलेला हादरा. वाळूचे कण एकमेकांवर टेकून भार पेलत असतात. हादऱ्याने ते घट्ट बसू पाहतात, पण मधल्या फटींतील पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जो थर घडीपूर्वी घर पेलीत होता तो दाट द्रवासारखा वागू लागतो. शास्त्रीय परिभाषेत याला द्रवीभवन म्हणतात. जपानमधील निईगाता येथे १९६४ मध्ये चार मजली निवासी इमारती अशा जमिनीवर जवळजवळ आडव्या झाल्या. त्यांच्या भिंती मात्र बहुतांशी अभंग राहिल्या.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. पूर्ण द्रवरूप झालेला थर द्वितीय लहरी नीट वाहून नेऊ शकत नाही. म्हणून अशा जागी पाया निकामी होतो, पण वरचा हादरा कधीकधी उलट सौम्य होतो. बिहारच्या त्या पट्ट्यात घरे कलली पण तितकीशी ढासळली नाहीत, आणि गंगेच्या दक्षिणेला मुंगेर शहर मात्र हादऱ्याने उद्ध्वस्त झाले, या विसंगतीचे मर्म यात आहे. पापपुण्याच्या नकाशाशी हा नकाशा कसा जुळावा?

जमिनीचा दोष, घराचा दोष

एवढे वाचून सर्व हानीचे खापर जमिनीवर फोडण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून माणसे झोपी गेली होती. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचे परिमाण मध्यम, ६.२ च्या आसपास होते. एवढ्या माणसांचा बळी घेतला तो प्रामुख्याने घरांनी. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत आरपार बांधदगड नाहीत, आणि वर उन्हापासून बचाव व्हावा म्हणून वर्षानुवर्षे चढवलेले जड मातीचे माळवद. भिंतींचे दोन्ही पदर फाकले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. नाभी उथळ आणि जवळ असता असे घर कोणत्याही जमिनीवर धोक्याचेच.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादचे उदाहरण दोन्ही दोष एकत्र दाखवते. अपिकेंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असूनही या शहरात साडेसातशेच्या आसपास माणसे दगावली, तीही बहुतांशी नव्या, काँक्रीटच्या बहुमजली इमारतींत. शहर साबरमतीच्या गाळावर वसलेले आहे आणि हानीचा संबंध गाळाच्या जाड थरांशी व नदीच्या जुन्या पात्रांशी अभ्यासकांनी जोडून दाखवला आहे. पण शेजारच्या, त्याच गाळावरच्या अनेक इमारती उभ्याच राहिल्या. पडलेल्यांपैकी कित्येकींचा तळमजला वाहने लावण्यासाठी भिंतींविना, नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. जमिनीने लय निवडली. त्या लयीत कोण मोडायचे ते बांधणाऱ्याने ठरवले.

भारतीय मानक ब्यूरोची आय. एस. १८९३ ही संहिता जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे प्रकार करते व मऊ जमिनीवरील उंच इमारतींसाठी अधिक भूकंपबल गृहीत धरायला सांगते. म्हणजे ज्ञान कागदावर आहे. सदनिका घेताना फरशी, गॅलरी, पाण्याची वेळ यांची आपण कसून चौकशी करतो. जमिनीच्या भूस्तर परीक्षणाचा अहवाल मागणारा ग्राहक मात्र विरळा. बांधकामापूर्वी जमिनीत छिद्रे घेऊन कोणत्या खोलीवर काय लागले, याची नोंद त्यात असते. इमारतीच्या आराखड्याचा आधार तोच असल्यामुळे तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

नावांत उरलेले पाणी

मराठीच्या विद्यार्थ्याला या विषयात स्वतःची अशी एक वाट आहे. आपल्या भाषेत जमिनीसाठी शब्दांची वाण नाही : कातळ, मुरूम, बरड, चोपण, मळई, दलदल, खाजण, भराव. यातील प्रत्येक शब्द शेतकऱ्याने वा कोळ्याने पिकाच्या, पाण्याच्या नजरेने घडवला आहे. पण तो हादऱ्याच्या दृष्टीनेही बरेच काही सांगतो. गावगाड्याच्या भाषेत लागवडीची जमीन 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी'. ही पांढरी पुष्कळदा नैसर्गिक जमीन नसते. पिढ्यानपिढ्या पडलेल्या घरांची माती, चुलींची राख आणि केरकचरा साचून ती उंच झालेली असते. तिच्यावरचे घर कातळावर आहे असे कोणी मानू नये.

मुंबईत धोबी तलाव आहे, पण तलाव नाही. सी. पी. टँक आणि गोवालिया टँक येथेही पाणी उरलेले नाही. तलाव बुजले, नावे टिकली. हे शहरच मुळी बेटांमधल्या खाड्या भरून सलग झालेले आहे. मलबार हिलचा बसाल्ट आणि सखल भागांतील खाडीचा चिखल व त्यावरचा भराव हे एकाच टपाली पत्त्याच्या शहरात शेजारी नांदतात. अलीकडच्या काळात मुंबईने विनाशक भूकंप पाहिलेला नाही. त्यामुळे हा फरक नकाशावर आहे, अनुभवात नाही. स्थळनाम हा अर्थात पुरावा नव्हे. नाव चुकते, सरकते, कधी आठवणीतल्या तलावापेक्षा भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटते. पण छिद्र कोठे घ्यावे, याची सूचना ते देऊ शकते.

*स्वाध्याय : आपल्या गावातील किंवा प्रभागातील पाणी, चिखल, खडक वा भराव सुचवणारी पाच स्थळनामे गोळा करावीत आणि त्या जागी आज काय बांधलेले आहे, याची नोंद करावी. नंतर १९६७ चा कोयना किंवा १९९३ चा किल्लारी भूकंप आठवणाऱ्या तीन वडीलधाऱ्या व्यक्तींना, त्या वेळी त्या नेमक्या कोठे होत्या, जमिनीवर की माडीवर, झोपलेल्या की जाग्या, भांडी वाजली की पडली, हे विचारावे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, बोलीतील रूपे न बदलता लिहून घ्यावीत. 'गरगरलं', 'हिसका बसला', 'भुई डुलली' यांतील भेद प्रमाण मराठीत आणताना हरवतो, आणि या श्रेणीत पायरी ठरते ती त्या भेदावरूनच.*